रानस्ट्रॉबेरी म्हणून घेतलेली रोपं : कुळागरातला दहा महिन्यांचा अनुभव

रानस्ट्रॉबेरीची रोपं घेणार असाल तर पैसे काढण्याआधी विचारा, फूल कुठल्या रंगाचं? पांढरं असेल तरच घ्या. मी विचारलं नाही आणि बाराशे रुपये गेले.

गोव्यात फोंड्याजवळ आमचं लहानसं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. घरामागच्या उतारावर पोफळींखालची जमीन उघडी. दर पावसाळ्यात तांबडी माती वाहून पाट बुजतो. माती धरून ठेवेल आणि नातीला तोडून खाताही येईल असं काही तिथे हवं होतं. दिवाळीनंतर एका नर्सरीतून 'देशी रानस्ट्रॉबेरी'ची वीस रोपं आणली, साठ रुपयांना एक.

पानं अगदी स्ट्रॉबेरीसारखी, तीन-तीनची, कातरलेल्या कडांची. रनरही, म्हणजे जमिनीवरून पसरणारे फुटवेही, भराभर सुटले. जानेवारीत फूल आलं ते पिवळंधमक. फळ लालबुंद, दिसायला देखणं. नातीने तोंडात टाकलं आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. चवच नाही! ना आंबट, ना गोड.

ही पोटेंटिला इंडिका, म्हणजे नकली स्ट्रॉबेरी. विषारी नाही, एवढंच समाधान. खरी रानस्ट्रॉबेरी फ्रॅगारिया वेस्का. तिचं फूल पांढरं, फळ बोराहून लहान पण घमघमणारं. रोपाला नुसती फळं असतील तरी फरक कळतो: नकलीच्या फळाखाली रुंद हिरव्या पानोळ्या असतात, टोकाला दातेरी. पण नुसत्या पानांवरून माझ्यासारखा फसणारच.

नर्सरीत गेलो. "काका, फळ लाल आलं ना? मग झालं," एवढंच उत्तर. पैसे नाहीत, बदली रोपंही नाहीत. पावतीवर 'खाण्याची स्ट्रॉबेरी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पिवळ्या फुलाचं रोप त्या नावाने विकणं ही फसवणूकच आहे, आणि हे मी आजही तितक्याच रागाने लिहितो आहे.

एप्रिलमध्ये सगळं उपटून टाकणार होतो. उन्हातली रोपं तशीही करपली होती. सावलीतली ठेवली ती केवळ कंटाळ्यामुळे, आणि जूननंतर माझं मत बदललं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेवढ्या माऱ्यात जिथे या वेली होत्या तिथली माती हलली नाही. गोगलगायींनी पानं चाळणीसारखी केली, तरी मुळं घट्ट. यंदा पाट एकदाच उपसावा लागला.

पांढऱ्या फुलांची मिळाली असती तरी इथे टिकली असती असं आता वाटत नाही. वेस्का थंड प्रदेशातली. आपल्याकडे बाजारातली मोठी स्ट्रॉबेरीसुद्धा महाबळेश्वरला पिकते, तेराशे मीटरहून उंचावर. फोंड्याचा मे महिना तिला कसा सोसवणार?

खाण्यासाठी शेवटी एकपानी, म्हणजे मंडूकपर्णी लावली. पाटाच्या कडेला ती आपोआप उगवतेच. शेजारच्या वहिनींनी मुळासकट चार जुड्या दिल्या, फुकट. ओल असेल तिथे गाठीगाठीला मुळं धरत ती पसरते. गणपतीत तिची चटणी दोनदा झाली, खोबरं आणि हिरवी मिरची घालून. नात ती खात नाही. तिला अजून स्ट्रॉबेरीच हवी आहे.