बोट ट्रेलरच्या लाकडी पायऱ्या सडल्या, आता काय लावायचं? साग, मरीन प्लाय, अ‍ॅल्युमिनियम की एफआरपी जाळी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हापासून बडोद्यात सोसायटीच्या आवारात बोट उभी दिसली तरी कुणी हसत नाही. पण ती बोट वर्षभर ट्रेलरवर उघड्यावर असते, आणि चढायच्या पायऱ्या लाकडी असतील तर आधी त्याच जातात.

नवीन काही घ्यायच्या आधी सडलं कुठून ते बघा. वरून फळी ठणठणीत दिसते, पण खाली जिथे ती लोखंडी अँगलवर टेकते तिथे आणि बोल्टच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर टोचला की लोण्यात गेल्यासारखा आत जातो. अँगलमध्ये पाणी साचत असेल तर कितीही भारी लाकूड आणा, तेही जाणार, म्हणून आधी अँगलला पाणी निघायला भोकं पाडा आणि त्यांच्या कडांना झिंकचा रंग लावा.

साग म्हटलं की आपल्याकडे वलसाडी साग. त्याच्यातल्या तेलामुळे बुरशी सहज धरत नाही, पायाला तापत नाही, दिसायलाही छान. फक्त फळीच्या कडेचा पांढुरका भाग घेऊ नका, तो साध्या लाकडासारखाच सडतो, आणि वखारीवाला "एवढं चालतं हो" म्हणणारच. शेडखाली ट्रेलर असेल तर डोळे मिटून साग.

मरीन प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून, आयएस ३०३ वाला कमर्शियल नको. ७१० चा गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही, पण कापलेली कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करावं लागतं, आणि पायरीची कड बुटांनी रोज घासली जाते त्यामुळे कोटिंग तिथूनच उडतं. मला तरी हा कटकटीचा सौदा वाटतो.

अ‍ॅल्युमिनियमची चेकर प्लेट (पाय सरकू नये म्हणून उठावाची नक्षी असलेला पत्रा) घेतली तर सडायचा प्रश्नच नाही आणि हलकी. एक फूट बाय तीन फुटाची ३ मिमीची पायरी साधारण सव्वादोन किलो, तेवढीच लोखंडाची साडेसहाच्या आसपास. पण दोन्ही कडा खाली दुमडून घ्याव्या लागतात, नाहीतर पाय ठेवला की लचकते, आणि मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेवून बघाच एकदा! चांदोदला नर्मदेच्या गोड्या पाण्यात बोट उतरवत असाल तर फार त्रास नाही, दहेजकडे खाऱ्या पाण्यात जात असाल तर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये रबराची पट्टी हवीच, नाहीतर जिथे टेकतं तिथे अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

माझं मत एफआरपी जाळीला, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन मिळून केलेली जाळी. नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये चालायला असते ना, तीच. गंज नाही, कूज नाही, पाणी जाळीतून खाली, आणि वरच्या खरखरीत थरामुळे ओल्या चपलेनेही पाय सरकत नाही. आपल्याला लागतो छोटासाच तुकडा, म्हणून तो फॅब्रिकेटरकडे उरलेल्या मालात मिळतो का आधी विचारा. मोल्डेड (साच्यात ओतलेली) मागा, ती दोन्ही दिशांना सारखी ताकदीची असते, पुलट्रूडेड (ओढून काढलेल्या पट्ट्या जोडून केलेली) असेल तर तिच्या जाड पट्ट्या एका आधारापासून दुसऱ्यापर्यंत गेल्या पाहिजेत, उलट लावली तर वजन पेलणार नाही. कापताना डायमंड ब्लेड, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, ती भुकटी अंगाला लागली की दिवसभर खाज जात नाही. कापलेल्या कडांना रेझिन लावा. एकच वाईट, गुडघा टेकला तर सोलून निघतो, म्हणून घरात लहान पोरं चढणारी असतील तर वरून रबर मॅट टाका.

डब्ल्यूपीसी बोर्डाचा (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेला) विचार सोडा, उन्हात वाकू शकतो.

यातलं काहीही लावा, बोल्ट स्टेनलेसचे आणि नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेले) घ्या, हायवेवर ट्रेलर एवढा थडथडतो की साधे नट ढिले पडतातच.