कोविनचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र: फुकट, झटपट, पण नावापाशी अडणारं

मे 2022 मधली ही गोष्ट. दोन वर्षं बंद असलेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा 27 मार्चपासून पुन्हा सुरू झाली आणि सुट्टीसाठी बँकॉक-फुकेटच्या चौकशा परत वाढल्या. तिकीट, हॉटेल, विमा ही कामं पैसे टाकले की होतात. कोविन या सरकारी लसीकरण पोर्टलवरून कोविड लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काढायला मात्र एक रुपया लागत नव्हता, आणि नेमकी तिथेच अनेकांची गाडी अडायची.

साधं प्रमाणपत्र आधीच मोबाइलमध्ये असताना हे वेगळं कशाला? साध्यावर फक्त वय असतं. सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनने कोविशिल्ड मान्य केली, पण भारतीय प्रमाणपत्र मान्य करेना. त्या वादात पूर्ण जन्मतारीख नसल्याचा मुद्दा पुढे आला. महिनाअखेरीस कोविनवर जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असलेलं प्रमाणपत्र मिळू लागलं.

तेव्हाची काढायची पद्धत सोपी होती. कोविनवर लशीच्या वेळी दिलेल्याच मोबाइल क्रमांकाने लॉगिन करायचं, ओटीपी टाकायचा. ‘रेज ॲन इश्यू’मध्ये जाऊन पासपोर्टची माहिती जोडण्याचा पर्याय निवडायचा, घरातल्या ज्या माणसाचं प्रमाणपत्र हवं त्याचं नाव निवडायचं, पासपोर्ट क्रमांक भरून सबमिट करायचं. मग आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा पर्याय घेऊन पूर्ण जन्मतारीख भरली की पीडीएफ उतरायची. सगळं सुरळीत असेल तर चहा निवेपर्यंत काम व्हायचं.

सुरळीत नसेल तर दोष बहुधा नावात असायचा. लसीकरण केंद्रावर बहुतेकांचं नाव टाइप झालं ते आधारवरून, आणि विमानतळावर ते ताडून बघायचे पासपोर्टशी. पासपोर्टमध्ये आडनावाची ओळ वेगळी, आणि नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत. आधारवर सगळं एका ओळीत. त्यात आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, त्यामुळे कित्येकांच्या प्रमाणपत्रावर ‘पाटील सुनीता रमेश’ असा क्रम दिसतो. स्पेलिंगची तऱ्हा आणखी वेगळी: ‘श्री’ एका कागदावर एस-एच-आर-ई-ई, दुसऱ्यावर एस-एच-आर-आय. लग्नानंतर आधार बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचाच राहिला, ही तर घरोघरची गोष्ट. क्रम उलटा असेल तर समोरचा अधिकारी समजून घेईलही. अख्खं आडनावच वेगळं असेल तर कशाला समजून घेईल?

दुरुस्ती त्याच ‘रेज ॲन इश्यू’मध्ये व्हायची, पण एकदाच. नाव, जन्मवर्ष, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक यांपैकी दोनच गोष्टी बदलता यायच्या. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून मगच बटण दाबायचं. क्रमही हाच ठेवायचा: आधी नाव, ते बदललेलं दिसलं की पासपोर्ट क्रमांक. घाईत भरलेल्या एका चुकीच्या अक्षरासाठी दुसरी संधी नव्हती, हा या सेवेचा सगळ्यात मोठा दोष. कोट्यवधी लोकांच्या नोंदी केंद्रावरच्या गर्दीत टाइप झाल्या आहेत. निदान दोन संधी तरी द्यायला हव्या होत्या.

दुसरी हमखास अडचण दोन मोबाइल क्रमांकांची. पहिला डोस मुलाच्या नंबरवर आणि दुसरा स्वतःच्या नंबरवर नोंदवला असेल, तर कोविनच्या लेखी ती दोन माणसं, आणि दोघांनी एकेकच डोस घेतलेला! अशी दोन ‘पहिल्या डोस’ची प्रमाणपत्रं एकत्र करायचा पर्यायही तिथेच होता. हे काम आठवडाभर आधी काढायचं, विमानाच्या आदल्या रात्री नाही.

मिळालेलं प्रमाणपत्र ए-फोर कागदावर छापायचं आणि घडी क्यूआर कोडवर येऊ द्यायची नाही. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला धूसर फोटो कुठल्याच पोर्टलवर चढवायचा नाही, मूळ फाइलच वापरायची. थायलंडने 1 मे 2022 पासून लस घेतलेल्यांच्या चाचण्या बंद केल्या असल्या, तरी थायलंड पास, म्हणजे जाण्याआधीची ऑनलाइन नोंदणी, तेव्हा लागायचा आणि त्यासाठी पासपोर्ट, हेच प्रमाणपत्र आणि किमान 10,000 डॉलरचा विमा मागायचे.

ज्या देशाला तिसरा डोस हवा होता तिथे जाणाऱ्यांना मे 2022 मध्ये इतरांसारखं नऊ महिने थांबावं लागत नव्हतं. परदेशी जाणाऱ्यांना तो दुसऱ्या डोसनंतर 90 दिवसांनी घेता यायचा. लस मात्र पहिल्या दोन डोसांचीच. खासगी केंद्रावर लशीच्या किमतीवर जास्तीत जास्त 150 रुपये सेवाशुल्क घेता यायचं, त्याहून जास्त मागितलं तर पावती मागायची.

कोविनच्या या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड त्या एकाच दुरुस्तीने खाल्ला.

परतीच्या वेळी हेच प्रमाणपत्र एअर सुविधासाठी, म्हणजे भारतात येणाऱ्या प्रवाशांच्या ऑनलाइन आरोग्य अर्जासाठी, 2022 मध्ये लागायचं. उतरायचं मुंबईत असलं तरी हा अर्ज दिल्ली विमानतळाच्या संकेतस्थळावर भरायचा असायचा, प्रत्येक प्रवाशाचा वेगळा. 14 फेब्रुवारी 2022 पासून सरकारी यादीतल्या देशांचं पूर्ण लसीकरणाचं प्रमाणपत्र चालायचं. ते नसेल तर निघण्याआधी 72 तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल. पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणी नव्हती, पण अर्ज त्यांचाही भरायचा. फॉर्ममध्ये आसन क्रमांक मागायचे, त्यामुळे आधी वेब चेक-इन उरकायचं. फाइल पीडीएफच लागायची आणि लहान आकाराची, म्हणून ती हॉटेलच्या वाय-फायवर करायला बसण्यापेक्षा घरूनच तयार करून नेलेली बरी असायची. भरल्यावर आलेली प्रत मोबाइलमध्ये जपून ठेवायची, कारण परतीच्या काउंटरवर बोर्डिंग पासआधी तीच मागायचे.