खुराडं ठीकच आहे, पण ती शिडी! (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

काल संध्याकाळी शिडीची दुसरी बिजागरीही तुटली, म्हणून आज लिहायला बसले. पहिली जूनमध्येच गेली होती. अर्धा मजकूर एप्रिलमध्ये रागाच्या भरात फोनवर लिहून ठेवला होता, तो आधी तसाच देते.

कोंबड्यांचं खुराडं तेच, तुम्ही सगळ्यांनी ऑनलाइन पाहिलेलं. चार बाय तीन फूट, दोन फुटांचे पाय, चारी बाजूंनी जाळी, वर निळा पत्रा, खाली ओढून काढायचा ट्रे. जानेवारीत साडेसहा हजारांना पडलं. गाडीवाल्याने खोकं फाट्यावरच उतरवलं, तिथून घरापर्यंत रिक्षाचे दीडशे वेगळे. कुडाळचा वेल्डर हेच चार हजारांत करून देईल असं ह्यांचं म्हणणं होतं. ते वाक्य तेव्हापासून किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

गिरिराजा जातीच्या कोंबडीची एक दिवसाची २० पिल्लं फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणली. पहिले चार आठवडे ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, भाताच्या तुसावर, ६० वॅटच्या बल्बखाली होती. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. थर्मामीटरवर मी पैसे घातले नाहीत. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली की बल्ब खाली सोडायचा, कडेला पळून चोची वासू लागली की वर घ्यायचा. आल्या दिवशी गुळपाणी, मग वर्तमानपत्रावर मक्याचा भरडा. कागद दुसऱ्याच दिवशी काढला, कारण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. दोन पिल्लं पहिल्या आठवड्यात गेली. सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेतची) लस, डोळ्यात एकेक थेंब. कुपी १०० डोसांची आणि पिल्लं माझी १८! एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या तिघींना पिल्लं घेऊन अंगणात बोलावलं आणि कुपीचे पैसे चौघींत वाटले.

तिसऱ्या आठवड्यात स्टार्टरच्या (लहान पिल्लांच्या तयार खाद्याच्या) जोडीला पहिल्यांदा कोथिंबीर दिली, अगदी बारीक चिरून. साप टाकल्यासारखी सगळी कोपऱ्यात पळाली. तासभर एकानेही चोच लावली नाही. मग मी एका बोटाने कोथिंबिरीवर टकटक करत राहिले. कोंबडी तेच करते, दाणा उचलते, टाकते, टकटक करते आणि ‘कुक कुक’ करून पिल्लांना बोलावते. एक धीट पिल्लू पुढे आलं, पान तोंडात धरलं आणि पळत सुटलं. बाकीची सतरा त्याच्या मागे! त्यानंतर कोथिंबीर उरली नाही. कुठलंही नवीन खाणं आधी त्या धिटुकल्याला दाखवायचं हे तेव्हाच ठरलं. शेवग्याचा पाला लगेच चालला. उकड्या तांदळाची कणी कच्ची नको होती, शिजवून गार केली तर तुटून पडली. ओल्या नारळाचा कीस दिला तेव्हा एकमेकांच्या तोंडातला ओढून खाल्ला. दाणा किंवा पाला सुरू करण्याआधी एका वाटीत नदीची बारीक वाळू ठेवली होती, कारण त्यांच्या पोटातल्या जात्याला खडा लागतो. नुसत्या स्टार्टरवर असतील तर त्याची गरज नाही. हे सगळं चवीपुरतंच, पोट भरायचं ते स्टार्टरवर. वाडीतल्या एकीने आपल्या पिल्लांना सुका जवळा घातला, न धुता. मिठाने त्यांना इतकी तहान लागली की दिवसभर पातळ हगवण.

मार्चच्या सुरुवातीला पिल्लं खुराड्यात हलवली आणि शिडीचं प्रकरण सुरू झालं.

ही शिडी म्हणजे नऊ इंच रुंदीची पत्र्याची पट्टी, लांबी तीन फूट, चढायचं दोन फूट. पत्र्यावर सहा-सहा इंचांवर एक बारीकशी दुमड, तिला म्हणे पायऱ्या म्हणायचं. वर गुळगुळीत रंग. महिन्याचं पिल्लू दुसऱ्या दुमडीपर्यंत जातं आणि घसरगुंडीवरून यावं तसं खाली येतं. दुपारी पत्रा इतका तापतो की वर पापड भाजावा. शिडी आखणाऱ्याने आयुष्यात कोंबडीचं पिल्लू पाहिलं नसणार. बाकी खुराड्यावर मेहनत घेतलीय हो, जाळी अर्ध्या इंचाची आहे, घूस आत जात नाही, ट्रे हलका आहे. पण पक्ष्याने आत जायचं कसं, हा विचार शेवटच्या दिवशी चहाच्या सुट्टीत केलेला दिसतो.

कंपनीला तीनदा फोन केला. पहिल्या वेळी ‘फोटो पाठवा’. दुसऱ्या वेळी ‘शिडी सुट्या भागात येते, वॉरंटी फक्त सांगाड्याला’. तिसऱ्या वेळी ‘मॅडम, पक्ष्यांना ट्रेनिंग द्यावं लागतं’. त्यांच्याच व्हिडिओत पिल्लं पहिल्या दिवशी अंगणात सोडतात आणि संध्याकाळी ती रांगेत वर चढतात. मीही तसंच केलं होतं. माझी अठराच्या अठरा खुराड्याखाली गोळा होऊन बसायची आणि मी रोज तिन्हीसांजेला ओणवं होऊन एकेक ओढून आत टाकायची. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी घरात पाहुणे आले, मला उशीर झाला, आणि मोजली तर सतरा. सकाळी फणसाच्या मुळाशी थोडी पिसं सापडली. मुंगसाचं काम. जे गेलं ते तेच धिटुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिडीला गोणपाट गुंडाळला. पाय घसरायचे थांबले, पण तरी आत कोणी जाईना. एक तारा, तोही जाळीसाठी.

(एप्रिलचं लिखाण इथे संपलं.)

आता दुरुस्ती करते, कारण नंतर कळलं की दोष सगळा शिडीचा नव्हता. शेजारच्या काकी एकदा संध्याकाळी माझी कसरत बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “अगो, काळोखात खंय जातली ती? आदी भितर दिवो लाव.” तीन बाजूंनी मी ताडपत्री बांधली होती, त्यामुळे आत दिवसापासूनच अंधार. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, काळोख पडला की त्या उजेडाकडे सरकतात आणि आमच्या अंगणात उजेड खुराड्याबाहेरच्या दिव्याचा. काकींनी आणखी एक सांगितलं, की चार दिवस सोडूच नकोस, आतच खाऊ दे, आतच झोपू दे, घर कुठलं ते कळू दे. आतली बसायची दांडीसुद्धा त्यांनीच खाली घ्यायला लावली, खुराड्याच्या तळापासून वीतभर. शेवटी सतरा पिल्लं पाच दिवस आत कोंडली, सहाव्या दिवशी दुपारनंतर सोडली. संध्याकाळचं खाणं फक्त आत आणि ५ वॅटचा एक दिवा. उरलेली कणी शिडीवर दारापर्यंत शिंपडली. पहिल्या दिवशी अकरा स्वतः चढली, चौथ्या दिवशी सगळी.

म्हणजे फोनवरचा तो मुलगा ट्रेनिंगबद्दल खरं बोलत होता, हे मान्य करते. कसं द्यायचं ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं, आणि ‘पहिल्याच दिवशी सोडा’ हा व्हिडिओ त्यांचाच.

पाऊस आला तसा गोणपाट भिजून कुजला, वास सुटला, काढून टाकला. त्या जागी ह्यांनी बांबूच्या कामट्या तारेने दोन-दोन इंचांवर बांधल्या. खर्च शून्य. याला मी पाच तारे देते, पण हे काही विकत मिळत नाही. पावसात वीज जाते तेव्हा दिवाही जातो, म्हणून चार्जिंगची बॅटरी आत टांगते. पत्रा गळला नाही, पण तिरक्या पावसाने एका कोपऱ्यातलं तूस ओलं झालं आणि दोन पिल्लांना रक्ती हगवण लागली. गुरांच्या डॉक्टरांनी पाण्यातून औषध दिलं, वाचली. तेव्हापासून तूस रोज उलथते. ग्रोअरची (स्टार्टरनंतरच्या खाद्याची) अर्धी पिशवी बुरशी आली म्हणून फेकून द्यावी लागली, तिचं दुःख अजून आहे.

‘१५ ते २० पक्षी’ असं कंपनीने जे लिहिलंय त्यावर जाऊ नका. वाढलेल्या पक्ष्याला दोन चौरस फूट जागा लागते आणि हे आहे बारा चौरस फुटांचं. कोंबडे आणि चार जास्तीच्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) ऑगस्टपर्यंत विकल्या, आता सहा आहेत. पहिलं अंडं ऑगस्टच्या शेवटी मिळालं. शिंपल्यांचा चुरा तेव्हापासूनच ठेवते, त्याआधी नाही. लहान पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडांना बाधतं.

या सहाजणी शिडी वापरतच नाहीत. जमिनीवरून थेट दारात उडी. मग बिजागरी तुटली कशाने, तर काकींच्या मांजराने. ऊन खायला ते रोज तिच्यावर झोपतं.

अडीच तारे. दीड जाळीचा, एक ट्रेचा. काकींची गावठी कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली मी बारा अंडी ठेवली आहेत. ती पिल्लं याच खुराड्यात यायची आहेत, म्हणून ह्यांनी आज सकाळी वेल्डरला फोन केला. बिजागरीचे साठ रुपये सांगतोय. नवीन खुराड्याचा भावही ह्यांनी विचारून घेतला, तो मी विचारलेला नाही.