प्रकल्प अहवालातील पत्रावळी आणि माझे 10,78,500 रुपये

बायबॅक म्हणजे काय, हे नव्याने सांगायला नको. यंत्र आमच्याकडून घ्या, पत्रा आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये 11 वर्षे सुपरवायझर म्हणून काढलेला माणूस असल्या जाळ्यात सापडत नाही, अशी माझी घमेंड होती आणि आज सर्वांत जास्त लाज तिचीच वाटते.

पत्र्याचे क्लॅम्प बनवायची पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारे यंत्र) आणि तीन डाय (साचे) मिळून 7,50,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,35,000, पत्र्यापोटी अनामत 1,50,000, प्रकल्प अहवालाचे 15,000, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदानाचा ‘फाइल चार्ज’ म्हणून 25,000 आणि उद्यम नोंदणीचे (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) 3,500. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिच्यासाठी कोणालाही एक पैसा देऊ नका. ते अनुदान तर नव्याने उभारायच्या उद्योगासाठी होते, त्यामुळे आधीच कर्ज काढून यंत्र बसवलेल्या मला ते मिळणारच नव्हते. यातले 7,50,000 बँकेचे, उरलेले 3,28,500 माझ्या भविष्य निर्वाह निधीतले.

खूण तेव्हाच दिसली होती. सही करण्यापूर्वी अहवाल चाळताना पान 11 वर ‘तयार पत्रावळींना वर्षभर मागणी असते’ असे वाक्य सापडले. क्लॅम्प बनवण्याच्या अहवालात पत्रावळी! मी बोट ठेवले, विक्रेता हसला, ‘टायपिस्टची चूक’ म्हणाला आणि मीही हसलो. त्या हसण्याची किंमत मी आज दरमहा 16,307 रुपयांच्या हप्त्याने फेडतो आहे. त्याच पानावर भंगार शून्य दाखवले होते. गोल टोकांचा क्लॅम्प कापला की पत्र्याचा काही भाग वाया जाणारच, हे शेडमधला शिकाऊ मुलगाही सांगेल. मी मात्र वाचून पान उलटले. खर्चही त्यानेच लिहिलेला, उत्पन्नही त्यानेच लिहिलेले, आणि त्याला मी माझे आर्थिक नियोजन समजत होतो. खेळत्या भांडवलासाठी त्यात एक रुपयाही ठेवलेला नव्हता.

पहिले 4,000 नग उचलले गेले आणि नगाला 4.50 रुपये मजुरीप्रमाणे 18,000 रुपये दोन दिवसांत जमा झाले. पुढचे 6,000 नग ‘कडेला बर (कापल्यावर उरणारी धारदार कोर) राहतो, भोक सरकलेले आहे’ म्हणून नाकारले गेले. डाय त्यांचीच होती, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. मग दिलेल्या पत्र्याचे आणि परत आलेल्या नगांचे वजन जुळत नाही म्हणून, करारातल्या त्याच शून्य भंगाराच्या आधारे, अनामत जप्त झाली. जुन्या यंत्रांच्या दलालाने प्रेस पाहून नेमप्लेटच्या कडेचा रंग नखाने खरवडला. खाली दुसराच रंग निघाला, म्हणजे यंत्र जुनेच, रंगवून विकलेले. त्याने किंमत 2,75,000 सांगितली. यंत्र घेण्यापूर्वी असा माणूस सोबत न्या, त्याला हजार-दोन हजार द्यावे लागले तरी.

विक्रेत्याने विवरणपत्रच भरले नसल्याने ते बिल माझ्या जीएसटीआर-2बी मध्ये (खरेदीवर भरलेला कर दाखवणारा पोर्टलवरचा तक्ता) उमटले नाही आणि 1,35,000 चे क्रेडिटही, म्हणजे त्या कराची वजावटही, गेली. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासायला दोन मिनिटे लागतात.

मी अगदीच डोळे झाकून गेलो नव्हतो. त्यांचे कार्यालय होते, करार मुद्रांकावर होता, आणि बँकेने तोच पत्रावळींचा अहवाल वाचून, निदान वाचल्याची सही करून, कर्ज मंजूर केले होते. आता बँक म्हणते, यंत्र तर आले आहे ना? पोलीस ठाण्यात करार उघडूनही न पाहता ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगितले गेले. आर्थिक गुन्हे शाखेकडे पाठवले, तिथे रक्कम लहान ठरली. ठाण्यात परत आलो, तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. 1930 ही हेल्पलाइन ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले, जणू ती मीच सुचवली होती. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीचेच आहे, असे म्हटल्यावर ‘मग वकीलच करा’ हे उत्तर मिळाले. पाच फेऱ्यांत हाती आली ती अर्जावरच्या पोचेची एक सही, तीही तारखेशिवाय. लेखी अर्जाची तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा माझ्या फोनवर आली. ‘आमचे यशस्वी उद्योजक’ या मथळ्याखाली हार घातलेल्या प्रेसशेजारी, हातात नारळ घेऊन, मीच उभा आहे.