चार काटे, आठ महिने: कार्टच्या वजनवाटपाचा अनुभव

गेल्या मार्च महिन्यात आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून रेसिंग कार्टसाठी (शर्यतीच्या छोट्या उघड्या चारचाकीसाठी) चार डिजिटल वजनकाट्यांचा संच घेतला. प्रत्येक चाकाखाली एक चपटा काटा ठेवायचा आणि चारही वजने एकाच पडद्यावर वाचायची, एवढेच त्याचे काम आहे. खर्च तिघांत वाटूनही हलका नव्हता. कोल्हापूरच्या ट्रॅकवर हौसेने धावणाऱ्यांना तो परवडतो का, एवढेच सांगावे म्हणून लिहायला बसलो होतो. परंतु आठ महिन्यांत काट्यापेक्षा स्वतःच्या कार्टविषयीच जास्त कळले, त्यामुळे लिखाणाचा भरही तिकडेच गेला आहे.

माझी कार्ट रोटॅक्सच्या 125 सीसी इंजिनाची आहे. सीनियर मॅक्स गटात चालकासह किमान वजन 162 किलो धरले जाते आणि मी पूर्ण पोशाखात 72 किलोंच्या आसपास भरतो, म्हणून नियमात बसण्यासाठी सीटच्या पाठीला उजवीकडे 6 किलो शिसे बोल्टने आवळलेले होते. ते तिथेच का, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आधीच्या मालकाने लावले आणि मी ते तसेच ठेवले. पहिल्यांदा काट्यावर चढलो तेव्हा पुढचे डावे चाक 34.6, पुढचे उजवे 32.0, मागचे डावे 43.8 आणि मागचे उजवे 54.2 किलो असे आकडे आले. एकूण 164.6 किलोंपैकी पुढच्या चाकांवर केवळ 40.5 टक्के आणि डाव्या बाजूला 47.6 टक्के भार होता. पुढचे उजवे आणि मागचे डावे या कर्णरेषेवरच्या दोन चाकांची बेरीज, जिला सगळे जण ‘क्रॉस’ म्हणतात, ती 46 टक्के भरली. स्प्रिंट, म्हणजे डावी-उजवी दोन्हीकडची वळणे असलेल्या ट्रॅकवर धावणाऱ्या कार्टमध्ये पुढे 43 टक्क्यांच्या आसपास आणि डावी-उजवीकडे व क्रॉसमध्ये निम्मे-निम्मे, हा सुरुवातीचा सर्वमान्य हिशेब आहे. तो लावला तर माझ्या कार्टचे तिन्ही आकडे चुकलेले होते.

या आकड्यांना एवढे महत्त्व का, हे मलाही काटा घेतल्यावरच नीट उमगले. कार्टला सस्पेन्शन नसते आणि मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्याने ती सारख्याच वेगाने फिरतात, पण वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते. म्हणून ते चाक क्षणभर जमिनीवरून सुटले तरच कार्ट मोकळेपणाने वळते. ते सुटण्यासाठी स्टीअरिंग वळवताच कॅस्टरच्या कोनामुळे (पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते, त्याच्या मागे झुकण्यामुळे) पुढचे आतले चाक खाली दाबले जाते आणि नळ्यांची चौकट पिळवटून मागचे आतले चाक उचलते. काट्यावर बसून स्टीअरिंग जरासे वळवले की हा सारा खेळ आकड्यांत दिसतो: पुढचे एक चाक जड होते आणि त्याच बाजूचे मागचे हलके. म्हणूनच वजन घेताना स्टीअरिंग अगदी सरळ नसेल, तर आलेला क्रॉस कवडीमोलाचा असतो.

वजन घेण्याची पद्धत बसवण्यातच पहिले दोन महिने गेले. जमीन सपाट वाटणे आणि सपाट असणे यांत किती फरक आहे, हे आमच्या गाळ्यातल्या कोब्याने दाखवून दिले. शेवटी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, चारही जागांची पातळी खुणावली आणि काट्यांखाली पत्र्याचे तुकडे सरकवून ती जुळवली. टाकीत निम्मे पेट्रोल, डाव्या-उजव्या टायरांत सारखी हवा, अंगात हेल्मेटसह सगळा पोशाख आणि प्रत्येक वाचनापूर्वी मागचा बंपर धरून कार्ट हलकेच उचलून सोडणे, ही शिस्त पाळली तर एकाच दिवशी घेतलेली वाचने दोन-तीनशे ग्रॅमच्या आत जुळतात. एकदा मात्र कितीही प्रयत्न केला तरी पुढच्या उजव्या चाकाचा आकडा स्थिर होईना. मित्राने कारण शोधले: पडदा माझ्या उजव्या हाताशी ठेवला होता आणि आकडा पाहायला मी दर वेळी मान व खांदा तिकडे झुकवत होतो. तेव्हापासून पडदा दुसऱ्याच्या हातात असतो आणि मी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहत बसतो.

आता दुरुस्तीविषयी. कार्टमधले सर्वांत मोठे वजन म्हणजे चालक, त्यामुळे सीटला हात न लावता शिसे इकडून तिकडे करण्यात फारसा अर्थ नाही. मी सीट 3 सेंटिमीटर पुढे आणि 2 सेंटिमीटर डावीकडे सरकवली. कार्टची पुढची-मागची चाके सुमारे 1040 मिलिमीटर अंतरावर असतात. त्या हिशेबाने सीट पुढे सरकवल्याने 2 किलो भार पुढे गेला. पाठीवरचे शिसे काढून ते फ्लोअर ट्रेवर (पायांखालच्या पत्र्यावर) डाव्या गुडघ्याखाली बसवल्यावर आणखी 2 किलो गेला. पुढे 42.9 आणि डावीकडे 49.1 टक्के झाले. वळणाच्या तोंडाशी पुढची चाके घसरत जाण्याची जुनी खोड पहिल्याच सरावात बरीच कमी झाली, आणि ते जाणवायला स्टॉपवॉचची गरज पडली नाही.

क्रॉसने मात्र मला फसवले, किंबहुना मीच स्वतःला फसवले. पुढच्या उजव्या स्टब ॲक्सलखालचे (चाक ज्यावर बसते त्या आखूड दांड्याखालचे) वायसर काढून वर घातले, चाक खाली दाबले गेले आणि क्रॉस 49.8 वर आला. मी समाधानाने वहीत नोंद केली. पुढच्या दोन महिन्यांत उजवीकडच्या वळणांवर मागचे आतले चाक न सुटल्याने इंजिन गुदमरण्याचा त्रास कमी झाला, पण त्याच चाकाचा टायर आतल्या कडेने झपाट्याने झिजू लागला. जुलैमध्ये स्टब ॲक्सल काढून सपाट काचेवर ठेवला, तेव्हा तो वर वाकलेला निघाला. केव्हातरी कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आदळून आलेला तो वाक मी वायसरांनी झाकला होता. नवा ॲक्सल घालून वायसर मूळ जागी आणले तर क्रॉस आपोआप 49.6 भरला. काटा काय बिघडले ते दाखवतो, का बिघडले ते दाखवत नाही. क्रॉस दीड-दोन टक्क्यांहून जास्त हललेला दिसला तर आधी ॲक्सल, किंगपिन (स्टब ॲक्सल ज्याभोवती वळतो तो खिळा) आणि चौकट तपासावी आणि मगच पाना हाती घ्यावा, असा नियम मी तेव्हापासून पाळतो.

संचाविषयी तक्रार एकच, पण ती मोठी आहे. पावसाळ्यात एक काटा 800 ग्रॅम जास्त दाखवू लागला. बिघाड नक्की त्याचाच आहे हे ठरवायला ओळखीच्या गूळ अडत्याकडून वजनमापे खात्याचा शिक्का असलेले 20 किलोचे लोखंडी वजन आणले आणि ते आळीपाळीने चारही काट्यांवर ठेवले, तिघांनी 20.0 दाखवले, चौथ्याने 20.8. विक्रेत्याने तो बदलून दिला, मात्र पाच आठवड्यांनी, आणि तोवर हंगामातल्या दोन शर्यती आम्ही अंदाजानेच खेळलो. जोडणीच्या तोंडांना रबरी टोपणे नाहीत, हेच त्यामागचे कारण असावे. आता काटे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात राहतात आणि अडत्याचे वजन दर महिन्याला एक दिवस आमच्याकडे पाहुणे येते.

एकट्याने घेण्याजोगी ही वस्तू नाही. वर्षातून दोनदा कार्ट चालवणाऱ्याने ती उसनी आणावी. हंगामभर धावणाऱ्यांनी मात्र माझ्यासारखी वर्गणी काढावी. परवा दिवाळीनंतर काट्यावर चढलो तर माझेच वजन 2 किलोंनी वाढले होते. एकूण आकडा कायम राहावा म्हणून तेवढे शिसे गुडघ्याखालून काढले, पण शिसे पुढे होते आणि चकली-अनारसे सीटमध्ये मागे बसले होते, त्यामुळे पुढचा भार 42.9 वरून 42.4 टक्क्यांवर आला. उरलेले 4 किलो शिसे आता पेडलच्या दिशेने आणखी 20 सेंटिमीटर सरकवून ठेवले आहे.