ओल्या अंगठ्याला शाई लागली, तरी मी गप्प बसलो

माशांच्या टँकपायी माझे एकूण 52,500 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात लोक वीस हजारापासून सव्वा लाखापर्यंत वाट्टेल ते बोलत आहेत. 11 जानेवारीला 15,000, 19 ला 20,000, 21 ला 11,500 आणि सगळ्यात जिव्हारी लागलेले 31 जानेवारीचे 6,000. सगळे फोनवरून, माझ्याच हाताने, माझाच पिन टाकून.

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या भागात मालगुजारी काळातले तलाव पावलोपावली आहेत, मामा तलाव म्हणतो आम्ही. शाळेतली निम्मी पोरं त्याच तलावांच्या काठावर वाढलेली. पण मरळ मासळी त्यांनी पाहिली ती जाळ्यात तडफडताना, नाहीतर बाजारात. ती दर थोड्या वेळाने पाण्याच्या वर तोंड काढून हवा कशी घेते, हे काही गढूळ पाण्यात दिसत नाही. ते पोरांना दाखवायचं म्हणून घरच्या ओसरीत मोठा टँक बांधायचा ठरवला. यात चैन किंवा हौस नव्हती. त्या हंगामातल्या धानाचे चुकारे नुकतेच खात्यात आले होते, म्हणून तेव्हाच हात घातला.

प्लायवूडचा टँक म्हटल्यावर आता जो तो म्हणतो, "लाकडाच्या पेटीत कोणी पाणी भरते का?" भरतात. तळ आणि तीन बाजू प्लायच्या, समोर फक्त काच, आतून पाणी अडवणाऱ्या इपॉक्सी राळेचे थर आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी, अशी ही पद्धत जगभर चालते. टँक मोठा असला की पूर्ण काचेपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि एवढी काच आमच्या रस्त्यांवरून आणण्याची धास्तीही राहत नाही. मी दोन महिने वाचत होतो. 6 फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच, म्हणजे 37.5 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर धरा, तर 1,060 लिटर. टनाच्या वर नुसतं पाणी. म्हणून तर मरीन प्लाय हवा होता, 19 मिलिमीटरचा, आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या सरकारी मानकाचा. साधा एमआर ग्रेडचा प्लाय घरातल्या कपाटाला ठीक, तो दमटपणा सोसतो, पाण्यात राहत नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून फसलो, हेच डोक्यातून जात नाही.

टँक बांधून देणारा माणूस कसा भेटला ते थोडक्यात सांगतो, तुम्हाला ही गोष्ट पाठ असेल. फोनवर व्हिडिओ, त्यात सुंदर टँक, खाली नंबर. नागपूरला वर्कशॉप आहे म्हणाला. सर, सर करत बोलायचा. प्लायचा भाव शीटमागे 2,400 सांगितला. तालुक्याच्या दुकानदाराने त्याच जाडीच्या 710 ला 3,900 सांगितले होते. मी विचारलं, तर म्हणाला, "कंपनीचा डायरेक्ट माल आहे सर, मधला दलाल नाही." दीड हजाराचा फरक मी दलालाच्या नावावर खपवून घेतला. बिलावर पत्ता नागपूरचा आणि जीएसटी नंबर 09 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा 27 असतो, 09 उत्तर प्रदेशचा. हे मला फेब्रुवारीत कळलं. बिल हातात आलं की पहिले दोन आकडे बघा, एवढंच काम आहे.

19 तारखेला रविवारी छोटा हत्ती दारात आला. तीन शीट उतरवल्या. आमच्या गावचे सुतार, ज्यांना आम्ही मिस्त्रीकाका म्हणतो, ते बाजूला उभे होते. त्यांनी शीटच्या कडेवरून नख फिरवलं. थरांच्या मध्ये दोन-तीन जागी नख आत गेलं. म्हणाले, "गुरुजी, हे पोटातून पोकळ दिसते बाप्पा."

मी हापशीवर हात धुऊन आलो होतो. शीटच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईत आयएसआयचा शिक्का होता, वर 710, खाली परवान्याचा नंबर. मी त्यावर अंगठा टेकवला आणि उचलला. अंगठ्यावर सातचा आकडा उमटला होता, उलटा, वरची आडवी रेघ अर्धी तुटलेली. शीटवर नुसता डाग उरला.

तो माणूस लगेच म्हणाला, "फ्रेश माल आहे सर, कालच निघाला."

मी अंगठा पॅंटला पुसला. आज चार महिने झाले, त्या पॅंटवरचा डाग धुऊन जात नाही. तेव्हाच त्याला म्हणायला हवं होतं की थांब, एक तुकडा काप, चुलीवर उकळू दे, मग बोलू. गाडी परत पाठवली असती तर 15,000 वर सुटलो असतो. पण समोरचा माणूस दहा वेळा "सर, तुम्ही तर शिकलेले आहात" म्हणालेला, चार शेजारी जमलेले, आणि मी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं की हा खास माल आहे. सगळ्यांसमोर अडाणी दिसायची लाज वाटली. उलट मिस्त्रीकाकांनाच बोललो, "काका, तुमच्या काळातलं लाकूड नाही हे." ते काही न बोलता निघून गेले. आणि मी त्याच्यासमोर 20,000 पाठवले.

तुकडा मी नंतर उकळला. दीड तासात पापुद्रे सुटून पातेल्यात तरंगायला लागले. 710 च्या प्लायची चाचणी 72 तास उकळत्या पाण्यात असते. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये शिक्क्याखालचा परवाना नंबर टाकून बघता येतो. मी टाकला, तसा परवानाच निघाला नाही. दोन मिनिटांचं काम होतं. माल उतरवायच्या आधी करा, पैसे दिल्यावर नाही.

20 आणि 21 ला त्याची दोन पोरं काम करून गेली. इपॉक्सीचे दोन डबे वेगवेगळे असतात, राळ आणि हार्डनर, ठरलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात, आणि तीन तरी थर हवेत. यांच्याकडे एकच डबा, लेबल फाडलेलं, आणि घरभर थिनरचा वास. एका दुपारीत दोन थर मारले. कोपऱ्यांना पट्टी नाही. मी हटकलं तर म्हणे, "ही नवीन टेक्नॉलॉजी आहे." पूर्ण वाळायला आठवडा द्यावा लागतो हे वाचलेलं असून, त्यांच्या सांगण्यावरून 23 लाच पाणी भरलं. यात चूक माझी, मान्य. पण आठवडा थांबलो असतो तरी ती पेटी टिकली नसती, हेही तितकंच खरं.

26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेची पोरं रांगेने आमच्या ओसरीत आली. आत मरळीची सहा पिल्लं होती. एक वर आली, हवेचा घोट घेऊन खाली गेली, आणि पोरं एकदम ओरडली. तो एक दिवस मला मिळाला.

30 ला मागचा कोपरा ओला दिसला. फोन केला. "वॉरंटीत आहे सर, फक्त किटचे 6,000 भरा, ते परत मिळतील." वॉरंटीसाठी कोणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. मी ठेवला नाही. तोवर 46,500 गेले होते, ते वाचवायचे म्हणून आणखी 6,000 घातले.

2 फेब्रुवारीच्या रात्री मागची फळी फुगून सुटली. टनभर पाणी ओसरीतून घरात शिरलं. घरखर्चाच्या धानाचे चार कट्टे भिजले. आईचा पाय घसरला, देवाच्या दयेने हाड शाबूत राहिलं. मरळ पाण्याबाहेरही तग धरते, म्हणून चार पिल्लं ओल्या फरशीवर सापडली. सकाळी तलावात सोडून आलो. त्याचा फोन 3 तारखेपासून बंद.

आता ठाण्याचं सांगतो. मी 8 तारखेला गेलो, लाजेपायी पाच दिवस घालवून. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी दीड तास बाकावर बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, काम केलं ना त्याने, मग फसवणूक कशी? खोटा शिक्का मारून माल विकणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे कशासाठी? तिसऱ्या दिवशी म्हणाले, खातं बाहेरच्या राज्यातलं आहे, तिकडे जा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलं आहे. मी छापील कागद पुढे ठेवला. हवालदार कागदाकडे न बघता शेजारच्याला म्हणाला, "बावन्न हजार, मासे पाहाले!" आणि दोघं हसले. पंचवीस वर्षं मास्तरकी केली, याच ठाण्यातल्या लोकांची पोरं शिकवली, तिथे मी मान खाली घालून उभा होतो. चौथ्या खेपेला साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडत नाही म्हणे. पोच मी अजून आणतोच आहे.

बँकेच्या शाखेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. अर्ज द्या म्हणाले, दिला. महिन्याने विचारलं तर तो अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे कोणालाच ठाऊक नाही. दुसरा द्या म्हणाले.

तुम्ही असं करू नका. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पाचव्या दिवशी नाही, तोवर खातं रिकामं होतं. ठाण्यात एकटे जाऊ नका आणि तोंडी काही सांगू नका, अर्जाच्या दोन प्रती न्या. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. मी तक्रार टाकली आहे. प्लायचा एक तुकडा, डाग पडलेली पॅंट आणि बिल, तिन्ही जपून ठेवलं आहे. मिस्त्रीकाकांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते साक्ष द्यायला तयार आहेत.

आणि एक. कोणी टँकचे फोटो दाखवले तर तो टँक ज्याच्या घरी आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याला नवीन नंबरवरून जाहिरात आली. फोटोत निळ्या चुन्याची भिंत आहे, खिळ्याला आईचं सूप टांगलेलं आहे, आणि काचेआड मरळीची पिल्लं. ती ओसरी आमची आहे. तो टँक दहा दिवसांत फुटला.