सूर्य-सावलीवरून दिशा: राजगडावरील एका कार्यशाळेविषयी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात राजगडाच्या पद्मावती माचीवर, सूर्य आणि सावलीवरून दिशा ओळखण्याच्या एकदिवसीय कार्यशाळेला मी बाराशे रुपये भरून गेलो होतो. काठीचा भाग उत्तम झाला. घड्याळाचा भाग मात्र आयोजकांनी सरळ वगळावा.

मीटरभराची काठी ओळंब्याने (दोरीला टांगलेल्या वजनाने) सरळ उभी रोवून तिच्या बुडाभोवती सुतळीने वर्तुळ आखले. सकाळी दहाला सावलीचे टोक वर्तुळाला टेकले तेथे एक खडा ठेवला आणि दुपारी तीन वाजून गेल्यावर ते पुन्हा वर्तुळावर आले तेथे दुसरा. दोहोंना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. सकाळचा खडा पश्चिमेचा. होकायंत्राशी ताडून पाहता फरक जवळजवळ नव्हताच. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथातली शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत ती हीच, हे प्रशिक्षकांनी आवर्जून सांगितले. पाच तास थांबायचे नसेल तर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन खुणा करूनही काम भागते, पण त्यात दहाएक अंशांची चूक राहते, हेही त्यांनी लपवले नाही.

साडेबाराच्या सुमारास काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून गेली. गड अठराव्या अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्याच्या आसपास आणि जुलैअखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात भरदुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते, हे इतके नीट समजावलेले मी पूर्वी ऐकले नव्हते.

असे असताना याच माणसांनी सकाळी आम्हांला घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरायला लावून, काटा आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण असते असे शिकवले, याचे नवल वाटते. दहा वाजता सूर्य जवळजवळ ठीक पूर्वेला होता. त्यापासून तीस अंशांवर आलेली ‘दक्षिण’ खऱ्या दक्षिणेपासून पासष्ट अंश दूर, म्हणजे आग्नेयेपर्यंतही पोहोचलेली नव्हती. सूर्य दिवसभर खाली राहतो अशा थंड देशांत ही युक्ती चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात ती वाट चुकवील. विचारल्यावर “थोडं इकडेतिकडे होतं” एवढेच उत्तर मिळाले.

पिठलं-भाकरी चांगली होती, सावली मात्र फक्त काठीची. वीस जणांत ओळंबा एकच असल्याने बराच वेळ वाट पाहण्यात जातो. जाणाऱ्याने सुतळी आणि एखादी जड किल्ली सोबत न्यावी.